जॉब आयडी नसलेली अडचण

पार्श्वभूमी

नवी मुंबईतल्या एका संशोधन संस्थेच्या संगणन मदत कक्षात मी काम करते. कक्ष म्हणजे अडीच माणसं: मी, सिस्टीम अ‍ॅडमिन, आणि निम्मा वेळ इमारतीच्या नेटवर्कमागे आणि सीसीटीव्हीमागे पळणारा एक तंत्रज्ञ. हे प्रकरण आमच्याकडचंच. माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून विभाग, महिने आणि काही बारीकसारीक तपशील बदलले आहेत.

आमच्याकडे मध्यम आकाराचा क्लस्टर आहे, म्हणजे एकत्र जोडलेले बरेच संगणक; त्यातला प्रत्येक म्हणजे एक नोड. त्यावर स्लर्म नावाचा शेड्युलर बसवलाय. कुणाचं काम कधी आणि कुठल्या नोडवर लागेल हे तो ठरवतो. बाहेरून आत येणारा प्रत्येकजण आधी लॉगिन नोडवर पोचतो. लॉगिन नोड म्हणजे सरकारी दवाखान्यातली केसपेपरची खिडकी. तिथे नाव सांगायचं, कागद घ्यायचा आणि आत जायचं. त्या खिडकीवरच कुणी ऑपरेशन मांडलं तर मागची सगळी रांग खोळंबते. जुन्या लोकांना हे सांगावं लागत नाही, नव्यांना आपोआप कळत नाही.

आणि नव्यांचा प्रकारच बदलला आहे. पुण्यात १९८८ मध्ये सी-डॅक ही सरकारी संगणन संस्था स्थापन झाली, १९९१ मध्ये तिचा परम ८००० हा सुपरकंप्युटर उभा राहिला, त्या काळात अशा यंत्रांवर बसणारी माणसं बहुतेक भौतिकशास्त्राची, हवामानाची किंवा इंजिनियरिंगची असत. फोरट्रानमध्ये प्रोग्राम लिहिणारी, काळ्या स्क्रीनला न घाबरणारी. २०१५ मध्ये राष्ट्रीय सुपरकंप्युटिंग मिशन मंजूर झालं, सप्टेंबर २०२४ मध्ये पुणे, दिल्ली आणि कोलकात्यातले परम रुद्र सुपरकंप्युटर सुरू झाले. यंत्रं वाढली तशी ती वापरू बघणारी माणसंही वाढली, आणि त्यातली बरीचशी जीवशास्त्र, औषधनिर्माण, अगदी भाषाशास्त्रातूनही येतात. टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करायची ती काळी स्क्रीन, त्यांनी जन्मात पाहिलेला नसतो, किंवा पाहिला असेल तर एखाद्या यूट्यूब व्हिडिओत.

या लोकांसाठी आमची तयारी काय होती? खातं उघडलं की एक मेल जायचा. वर ‘डिअर यूजर’, खाली ४३ पानांची पीडीएफ. ती पीडीएफ मीच लिहिली आहे, त्यामुळे तिच्याबद्दल वाईट बोलण्याचा अधिकार पहिला माझा. पूर्ण आहे, अचूक आहे, आणि कुणी वाचत नाही.

काय घडलं

जूनमध्ये जीवशास्त्र विभागातल्या पीएचडीच्या पहिल्या वर्षाच्या एका विद्यार्थिनीचं खातं उघडलं. तिचं काम एका प्रथिनाचं पाण्यातलं सिम्युलेशन, सॉफ्टवेअर ग्रोमॅक्स. लॅबच्या उबुंटू डेस्कटॉपवर ती ते आधी शिकलेली होती. खातं मिळाल्यावर तीन आठवडे आमच्याकडे तिची काहीच हालचाल नव्हती. म्हणजे आम्हाला तसं वाटत होतं.

मग एका बुधवारी सकाळी अकराच्या सुमारास लॉगिन नोड गुदमरला. एक अक्षर टाइप केलं की ते उमटायला दोन-तीन सेकंद. फोन सुरू झाले. अ‍ॅडमिनने बघितलं तर एकच प्रोग्राम लॉगिन नोडचे चाळीसच्या चाळीस कोअर (प्रोसेसरचे स्वतंत्र गणनाभाग) खात होता: ग्रोमॅक्सचा ‘एमडीरन’. खातं हिचं.

त्याने प्रोग्राम मारला, खातं बंद केलं आणि ठरलेला मेल पाठवला: आपल्या खात्यातून सामायिक सेवेला बाधा पोचली आहे, नियमावलीचं कलम अमुक, खातं पुढील सूचनेपर्यंत स्थगित. गाईडना सीसी. मेलमध्ये चूक काही नव्हती. तो आम्ही वर्षातून तीन-चारदा पाठवतो.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. ‘एमडीरन’ला किती कोअर वापरायचे हे सांगितलं नाही तर तो यंत्र तपासतो आणि सापडतील तेवढे सगळे घेतो. स्वतःच्या डेस्कटॉपवर हे अगदी योग्य आहे. तिने जी ओळ तिथे वापरली तीच जशीच्या तशी इथे वापरली. तिथे चार कोअर होते, इथे चाळीस, आणि ते तिच्या एकटीचे नव्हते.

नऊ दिवस तिचं उत्तर नाही. दहाव्या दिवशी तिचे गाईड स्वतः तळमजल्यावर आमच्याकडे आले. चिडलेले नव्हते, वैतागलेले होते. म्हणाले, “ती म्हणते तिथे काम होत नाही. मी ग्रँटमधून क्लाउडवर पैसे टाकू का, एवढंच सांगा.”

आधी काय पर्याय मांडले

त्या संध्याकाळी आम्ही बसलो. तेव्हा आमचं निदान असं होतं: बाईने पीडीएफ वाचली नाही, रांगेत काम लावायचे कष्ट घेतले नाहीत, थेट खिडकीवर ऑपरेशन मांडलं. नोंदी तेच सांगत होत्या. स्लर्मच्या हिशेबात तिच्या नावावर शून्य जॉब (रांगेत लावलेलं काम म्हणजे जॉब). एकही यशस्वी नाही, एकही फसलेला नाही. सगळे पर्याय आम्ही या निदानावर तोलले.

लॉगिन नोडवर प्रत्येक वापरकर्त्याला कोअर आणि मेमरीची मर्यादा घालणं हा पहिला. लिनक्सच्या सीग्रुप या सोयीने ते होतं, अ‍ॅडमिनचं अर्ध्या दिवसाचं काम. हे आधीच करायला हवं होतं आणि त्यावर वाद नव्हता. पण याने लॉगिन नोड वाचतो, माणूस शिकत नाही.

दुसरा, सक्तीची कार्यशाळा. आम्ही आधी दोनदा घेतली होती. ज्यांना येत होतं तेच आले, चहाच्या वेळी त्यांनी आम्हालाच दोन युक्त्या सांगितल्या. ज्यांना गरज होती त्यांच्याकडे त्या दिवशी चालवायला काही नव्हतं. चार महिन्यांनी काम निघालं तेव्हा सगळं विसरलेले. कार्यशाळेच्या मी विरोधात नाही, पण वेळ जुळत नाही.

तिसरा, ब्राउझरमधून चालणारं पोर्टल. अमेरिकेत ओहायो सुपरकंप्युटर सेंटरने ओपन ऑनडिमांड नावाचं मोफत पोर्टल केलंय. फाइल तिथेच लिहायची, जॉब तिथूनच सोडायचा, टर्मिनलशी गाठ जवळजवळ नाही. मला हे फार आवडतं. पण सुरक्षा तपासणी, लॉगिनची जोडणी आणि पुढची देखभाल अडीच माणसांत बसत नव्हती. पुढच्या वर्षावर ढकललं.

चौथा पर्याय सगळ्यात मोहाचा: तयार स्क्रिप्ट (जॉबच्या सूचनांची फाइल) देऊन मोकळं व्हायचं. हा आम्ही पूर्वी केलेला आहे आणि त्याची फळं अजून खातोय. आमच्याकडे एक स्क्रिप्ट लॅबमागून लॅब फिरते. जॉब संपला की कुणाला कळवायचं त्या ओळीत ती मुळात लिहिणाऱ्याचा पत्ता तसाच राहिलाय. तो संस्था सोडून गेला त्याला चार वर्षं झाली. अनोळखी लोकांचे जॉब संपल्याचे मेल त्याला अजून जातात. दिवाळीत त्याने मला निरोप धाडला, “ताई, तुमच्या क्लस्टरची तब्येत चांगली दिसतेय.”

पाचवा पर्याय, तिच्या शेजारी बसायचं. माणूसतास महाग. अ‍ॅडमिन म्हणाला, “ताई, एकीशेजारी बसलात की चाळीसजण येतील.” त्याचं चूक नव्हतं. पण गाईडना उत्तर द्यायचं होतं, म्हणून मी म्हटलं की एकदा बसून बघते.

प्रत्यक्षात काय केलं

मेल न करता फोन केला. ती आधी गप्प, मग म्हणाली, “मॅडम, मी मुद्दाम नाही केलं. माझ्यावर काही कारवाई होणार आहे का?” लॉगिन नोड अडकल्याबद्दल विचारते असं मला वाटलं. मी म्हटलं, तुम्ही सोमवारी या, आपण सोबत बसू, खातं त्याच दिवशी उघडतो.

सोमवारी पाऊस चिकार होता, ठाण्याहून येणारी ट्रान्स-हार्बर उशिरा धावत होती, ती निम्मी भिजून आली. अर्धा तास आम्ही कामाचं बोललोच नाही. चहा झाला, ‘तुम्ही’ची ‘तू’ झाली. मग मी तिला लॅपटॉप उघडायला सांगितला आणि मी स्वतः कीबोर्डला हात लावायचा नाही असं ठरवलं. हे वाटतं त्याहून अवघड असतं.

“गेल्या वेळी जसं केलंस तसंच करून दाखव.” ती लॉगिन झाली. बाणाची वरची कळ दाबत ती जुन्या कमांड मागे नेत होती, आणि तिथे मला ‘एसबॅच’ दिसलं. जॉब रांगेत लावायची कमांड. एकदा नाही, तीनदा. वेगवेगळ्या दिवशी.

मी विचारलं, “अगं, तू रांगेत जॉब लावला होतास?”

“लावला ना. पण तो घेतच नव्हता. आणि तो मेसेज आला म्हणून मग मी सोडून दिलं.”

मेसेज परत काढला. स्लर्म सांगत होता की स्क्रिप्टमध्ये ‘डॉस लाइन ब्रेक्स’ आहेत, ‘युनिक्स लाइन ब्रेक्स’ हवेत. तिने ‘डॉस’वर बोट ठेवलं. वर्तमानपत्रात सर्व्हर बंद पाडणाऱ्या डॉस अटॅकबद्दल तिने वाचलं होतं. आपल्या फाइलमध्ये काहीतरी हल्ल्यासारखं सापडलंय असं तिला वाटलं. तिसऱ्यांदा तोच मेसेज आल्यावर ती घाबरली, रांगेचा नाद सोडला आणि ‘एमडीरन’ थेट चालवून पाहिला, कारण डेस्कटॉपवर तो थेट चालायचा. दुसऱ्याच तासाला सेवेला बाधा पोचवल्याचा आमचा मेल. तिच्या डोक्यातली शंका आम्ही लेखी पक्की करून दिली. कारवाईचा प्रश्न तिथून आला होता.

खरी भानगड इतकी साधी की सांगायला लाज वाटावी. स्क्रिप्ट तिने विंडोजवरच्या नोटपॅडमध्ये लिहिली होती. ओळ संपली हे सांगायला विंडोज (आणि त्याआधीची डॉस प्रणाली, मेसेजमधला ‘डॉस’ तोच) दोन खुणा टाकतो, युनिक्स (क्लस्टरवरचं लिनक्स त्याच कुळातलं) एकच. दोन खुणांची पद्धत टाइपरायटरसारख्या टेलिप्रिंटरपासूनची: एक गाडा मागे ओढायची, दुसरी कागद एक ओळ वर सरकवायची. हे सांगितल्यावर ती हसली. तिच्या आईने टायपिंगचं मराठी ३० आणि इंग्रजी ४० दिलेलं, घरी माळ्यावर जुनं यंत्र अजून आहे. त्या जादा खुणा स्क्रीनवर दिसत नाहीत, पण स्लर्म त्या बघून फाइल परत करतो. ‘डॉस-टू-युनिक्स’ अशी एका ओळीची कमांड चालवली, काम झालं.

पण माझं डोकं अडकलं ते दुसऱ्याच गोष्टीत. आमच्या नोंदीत शून्य जॉब कसे? कारण ही तपासणी ‘एसबॅच’ स्वतःच, जॉब शेड्युलरकडे जायच्या आधी करतो. जॉब जन्मालाच येत नाही, त्याला नंबर मिळत नाही, हिशेबात ओळ पडत नाही. तिचे तिन्ही प्रामाणिक प्रयत्न आमच्या दृष्टीने झालेच नव्हते.

“मग तिकीट का नाही टाकलंस?”

“टाकत होते मॅडम. फॉर्म पुढेच जात नव्हता.”

मी तिकिटाचा, म्हणजे मदत कक्षाकडे अडचण नोंदवायचा, फॉर्म उघडला. जॉब आयडी, म्हणजे जॉबला मिळणारा नंबर: तारांकित रकाना, भरल्याशिवाय बटण चालत नाही. तो रकाना सक्तीचा मीच केला होता, दोन वर्षांपूर्वी, ‘माझा जॉब चालत नाही’ एवढंच लिहिणाऱ्या लोकांना कंटाळून.

त्यानंतरचा तास सुरळीत गेला असं नाही. जॉब रांगेत लागला आणि थांबला. तिने ‘असू दे जास्त’ म्हणून ७२ तास मागितले होते, खरं तर ती चाचणी दहा मिनिटांची. मी विचारलं, लोकलमध्ये सीटवर बसलेल्याला आपण काय विचारतो? “कुठे उतरणार?” बस, शेड्युलरही तेच विचारतो. घणसोलीला उतरणारा असेल तर त्याला मधल्या फटीत बसवता येतं, पनवेलपर्यंत जाणाऱ्याला पूर्ण जागा रिकामी व्हायची वाट बघावी लागते. मोठ्या जॉबसाठी नोड जमवून ठेवताना मधे जी रिकामी वेळ राहते, तिच्यात स्लर्म छोटे जॉब घुसवतो, फक्त छोटा आहे हे आधी सांगावं लागतं. तिने वेळ वीस मिनिटं केली. चहाचा दुसरा कप यायच्या आत जॉब सुरू झाला.

मोठ्या कामासाठी मग वेगळी गोष्ट शिकवली. आमच्या नेहमीच्या रांगेत २४ तासांची मर्यादा आहे, तिचं सिम्युलेशन त्याहून लांब. ग्रोमॅक्स आपण होऊन दर १५ मिनिटांनी चेकपॉइंट, म्हणजे काम कुठवर आलं याची नोंद, लिहितो, आणि तिथून पुढे चालू करता येतं. त्याला ‘एवढ्या तासांत आवर’ असंही आधी सांगता येतं, म्हणजे शेड्युलरने मान धरून बाहेर काढायच्या आत तो स्वतः नीट थांबतो. एक जॉब संपला की दुसरा लागेल अशी साखळी तिने स्वतः लिहिली. दोनदा चुकली, मी बघत बसले.

निकाल

ऑगस्टअखेर तिची पहिली पूर्ण मालिका झाली. क्लाउडचा विषय गाईडनी परत काढला नाही.

आमच्या बाजूला बदल असे झाले. लॉगिन नोडवर मर्यादा लागली. आता कुणी सगळे कोअर मागितले तरी त्याचा स्वतःचाच प्रोग्राम रखडत चालतो, बाकीच्यांना पत्ता लागत नाही. तिकिटातला जॉब आयडीचा रकाना ऐच्छिक झाला. त्यामुळे ‘माझा जॉब चालत नाही’वाली तिकिटं परत यायला लागली. येऊ देत. स्वागताचा मेल सात ओळींचा झाला: लॉगिन कसं व्हायचं, एक चाचणी जॉब कसा लावायचा, तो लागला नाही तर कुठल्या नंबरवर फोन करायचा. पीडीएफ आहे, खाली दुव्यात.

जादा खुणा परस्पर काढून टाकणारी गाळणी ‘एसबॅच’पुढे बसवावी असं मी सुचवलं होतं. अ‍ॅडमिनने नकार दिला: “इथे लपवलं तर उद्या दुसऱ्या मशीनवर गेली की परत तिथेच अडेल.” मला ते पटलं आहे, पूर्ण नाही. सध्या तो मेसेज आणि त्याचा अर्थ त्या सात ओळींच्या मेलमध्ये आहे.

आणि शेजारी बसणं. नवीन खात्यामागे एक तास, पहिल्या जॉबच्या दिवशी, खातं उघडल्याच्या दिवशी नाही. चाळीसजण आले नाहीत. आठवड्याला एक-दोन येतात. तंत्रज्ञानेही दोनदा बसून बघितलं आणि म्हणाला की सीसीटीव्हीपेक्षा हे बरं.

एक गोष्ट बिघडलीच. स्क्रॅच डिस्कवरच्या (तात्पुरत्या साठवणीच्या जागेतल्या) फाइली आमच्याकडे ३० दिवस हात न लागल्यास उडतात. हे पीडीएफच्या २७व्या पानावर आहे. त्या सोमवारी मी हे तिला सांगायला विसरले. सप्टेंबरमध्ये तिच्या सुरुवातीच्या समतोल-टप्प्यांच्या फाइली गेल्या. पुन्हा चालवून दोन दिवसांत भरून निघालं, पण दोन दिवस तिचे गेले, माझे नाहीत.

आज वेगळं काय केलं असतं

खातं बंद करण्याआधी फोन. प्रोग्राम मारणं गरजेचं होतं, त्याला पर्याय नव्हता. तेवढ्यानेच लॉगिन नोड मोकळा झाला होता. खातं बंद करण्याने त्यावर काहीच जादा मिळालं नाही. अ‍ॅडमिनचं म्हणणं वेगळं आहे: फोन उचलला नाही तर? रात्री दोनला झालं तर? आमच्यात अजून पूर्ण एकमत नाही. सध्याचा तोडगा असा की पहिल्या वेळी फक्त प्रोग्राम मारायचा, दुसऱ्या वेळी खातं.

गाईडना पहिल्याच मेलमध्ये सीसी, हे तर नक्कीच नाही. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यावर त्याचं वजन किती पडतं हे आम्हा नोकरदारांच्या लक्षात येत नाही. नऊ दिवसांची शांतता त्या सीसीची होती, असं तिनेच पुढे सांगितलं.

तीन आठवडे हालचाल नाही, तेव्हाही आम्ही विचारायला हवं होतं. खातं उघडून पंधरा दिवसांत एकही जॉब नाही, अशी यादी काढायला अ‍ॅडमिनला दोन मिनिटं लागतात. शून्याचा अर्थ आम्ही ‘गरज नाही’ असा लावत होतो. आता दर महिन्याला ती यादी निघते आणि मी फोन करते. अर्धे म्हणतात, डेटा अजून यायचाय. बाकीच्यांपैकी जवळजवळ सगळे कुठेतरी अडलेले असतात आणि विचारलं की दहा मिनिटं बोलायचे थांबत नाहीत.

शेजारी बसण्याबद्दल एक सावधगिरी. बोलणं मराठीत झालं म्हणून तिने जे प्रश्न विचारले ते इंग्रजी तिकिटात कधीच लिहिले नसते, हे खरं आहे. पण आमच्याकडे तमिळनाडूची, बंगालची मुलंही आहेत. त्यांच्यासोबत हिंदीत बसले की तो मोकळेपणा कमी पडतो, दोन्ही बाजूंनी. यावर माझ्याकडे अजून उपाय नाही. तमिळ बोलणारा एक पोस्टडॉक आता कधीकधी येऊन बसतो, स्वतःहून.

हे सगळं मार्गी लागल्यावर मी गेल्या दोन वर्षांत आम्ही स्थगित केलेल्या खात्यांची यादी काढली. सात नावं होती. दोघांनी परत अर्ज करून खातं सुरू करून घेतलं होतं, तिघं संस्था सोडून गेलेले. उरलेल्या दोघांना फोन लावला. एकाने उचलला नाही. दुसरा शांतपणे ऐकून घेऊन म्हणाला, “मॅडम, थँक्यू, पण आता गरज नाही. ते काम मी पुण्याला मित्राच्या मशीनवर करून घेतलं.”